“सर्दीच आहे ना, अण्णा?”

सोलापुरात औषधाचं दुकान चालवायचं तर सर्दीची चार नावं तोंडपाठ लागतात. नवी पेठेतलं गिऱ्हाईक सर्दी म्हणतं, त्याच्या आजीच्या तोंडी अजून पडसं असतं. पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, तीच ‘जलुबू’ होते. अक्कलकोटकडून आलेला कानडी शेतकरी ‘नेगडी’ची गोळी मागतो आणि विजापूर वेशीतल्या खाला ‘जुकाम’ची. कोरोनाचं तसं नाही. तो चारही भाषांत कोरोनाच. घरात रुळलेल्या आजाराला घरचं नाव मिळतं. हा बाहेरून आला तो नाव घेऊनच आला.

अलीकडे मात्र ते नावही पुसट होत चाललंय. २०२५ च्या मे-जूनमध्ये रुग्ण वाढल्याच्या बातम्या पुन्हा आल्या, तेव्हा काउंटरवर रोज एक वाक्य ऐकत होतो: “आता कोरोना म्हणजे सर्दीच की ओ.” म्हणणाऱ्यांत प्राध्यापक होते, रिक्षावाले होते, स्वतःच्या घरात त्या आजाराने माणूस गमावलेलेही होते. मला या वाक्याशी भांडायचंय. ते सगळंच खोटं आहे म्हणून नव्हे. त्यात बरंच खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या आडोशाने जे खपून जातं ते आपल्या शहराला फार महाग पडलंय.

आधी खरं ते सांगतो. सर्दी हा एका विषाणूचा आजार नाहीच. दोनशेहून अधिक विषाणू ती करतात. सगळ्यात जास्त ऱ्हायनो जातीचे. पण त्या गर्दीत कोरोना घराण्यातलेही चार आहेत. २२९-ई आणि ओसी-४३ हे दोन १९६० च्या दशकात सापडले, एनएल-६३ हा २००४ मध्ये आणि एचकेयू-१ हा २००५ मध्ये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या विषाणूंच्या भोवती काट्यांची झालर दिसली, ती सूर्याच्या प्रभामंडळासारखी वाटली, म्हणून १९६८ मध्ये या घराण्याला कोरोना हे नाव मिळालं. म्हणजे आपण हा शब्द पहिल्यांदा ऐकला त्याच्या अर्धशतक आधीपासून. हे चौघे तुम्हाला-मला लहानपणीच भेटून गेलेले असतात, पुढेही दोन-चार वर्षांनी येऊन जातात. नाक वाहतं, घसा धरतो, आठवड्याभरात माणूस मोकळा होतो. तेव्हा “कोरोना हा सर्दीचाच एक प्रकार” असं कुणी म्हटलं तर तो घराण्यापुरतं बरोबर बोलतोय.

पण त्याच घराण्यात सार्सही आहे. २००२-०३ मध्ये तो जेमतेम आठ हजार लोकांना झाला आणि त्यातले ७७४ दगावले. २०१२ मध्ये मर्स आला. त्याच्या निदान झालेल्या रुग्णांपैकी साधारण तीनात एक माणूस गेला. आडनाव एक असलं म्हणून भाऊबंदांचा स्वभाव एक नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग स्वभाव कशावरून ओळखायचा? लक्षणांवरून, असं बहुतेकांना वाटतं. आणि नेमकी तिथंच फसगत होते. ऱ्हायनो विषाणूला नाकातली थंड हवा मानवते. ३३ अंशांच्या आसपास तो जोमाने वाढतो, छातीतल्या उबेत त्याचं फारसं जमत नाही. म्हणून सर्दीचा मुक्काम बहुधा नाका-घशात असतो. २०१९ च्या अखेरीस आलेला विषाणू ज्या कुलपाला आपली किल्ली लावतो, ते एसीई-२ नावाचं प्रथिन नाकात आहे तसंच फुप्फुसात आहे, आतड्यात आहे, मूत्रपिंडात आणि हृदयात आहे. तो दाराशी बसून राहात नाही. सुरुवातीला मात्र दोघांचं दारावरचं वागणं सारखंच असतं. शिंका, घसा, कणकण, अंगदुखी. पहिल्या तीन दिवसांत नुसतं पाहून हा कोण आणि तो कोण हे मीही सांगू शकत नाही, आणि तपासणीशिवाय डॉक्टरही नाही.

एक खूण त्या काळात ठळक होती. सर्दीत वास जातो तो नाक चोंदल्यामुळे. २०२० मध्ये एक मावशी मला म्हणाल्या, “नाक मोकळं आहे, खलबत्त्यात शेंगाचटणी कुटतेय, लसूण टाकलाय, आणि मला काही म्हणजे काही येत नाही.” सोलापूरच्या बाईला शेंगाचटणीचा वास न येणं ही सर्दी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. नाकातल्या गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवरच हा विषाणू बसतो, त्यामुळे वाट मोकळी असूनही वास पोचत नाही, हे नंतर वाचलं. ओमिक्रॉन आल्यावर ही खूण बरीच कमी झाली. म्हणजे होती तीही एक खूण हातची गेली.

खरा फरक दिवस मोजल्यावर दिसतो. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते आणि मग उतरत जाते. खोकला रेंगाळतो, पण उतार चालू असतो. कोविडच्या पहिल्या दोन लाटांत उलटं होत होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी माणसाला बरं वाटायचं, भाकरी गोड लागायची आणि आठव्या-नवव्या दिवशी फुप्फुसं भरू लागायची. तोवर विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच भडका जास्त नासधूस करत असायचा. रक्त गोठायचं. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे दम लागल्याचं कळायचंच नाही. एप्रिल २०२१ मध्ये एक गृहस्थ माझ्या काउंटरला टेकून पाच मिनिटं ऊस आणि कारखान्याच्या बिलावर बोलत होते. सहज म्हणून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला. आकडा ८४. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरं लावलं. ८३. सर्दी असं कधी करत नाही.

औषधांनीही हाच फरक दाखवला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडबद्दल कळलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, ऑक्सिजन लागणाऱ्यांतले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. तेच औषध, तोच आजार. दिवस आणि अवस्था चुकली की मदत संपते आणि अपाय सुरू होतो. हे नीट न समजल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड घेतलेली मधुमेही माणसं मी पाहिली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने डोळा गमावलेलीही पाहिली. आजही लोक सर्दीसाठी “ती बारकी पांढरी गोळी” मागतात. मी देत नाही. ते पुढच्या दुकानात जातात.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हा लेख लिहिणं मला पटत नाही. जुलै २०२० मध्ये पूर्व भागातली एक ताई आली. बिडी वळणारी, नेहमीची. नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. “यांना जलुबू झालाय, थोडा ताप आहे. सर्दीच आहे ना, अण्णा?” तिच्या त्या प्रश्नात एक विनवणी होती. ती मला ऐकू आली, आणि मी मान हलवली. गोळ्या दिल्या. मास्क लावा म्हणालो. कितवा दिवस, असं विचारलं नाही. त्याला साखर आहे का, हेही विचारलं नाही. नऊ दिवसांनी तो स्ट्रेचरवरून दवाखान्यात गेला. वाचला. पण आजही दोन जिने चढला की कठड्याला धरून उभा राहतो. बारा-बारा तासांची मागाची पाळी त्याच्याकडून पुन्हा झाली नाही. आता रात्रीचा वॉचमन आहे, निम्म्याहून कमी पैशात. सर्दीने कुणाचा धंदा बदललेला मी सत्तावीस वर्षांत पाहिला नाही.

मी मान का हलवली यावर नंतर खूप विचार केला. मला कळत नव्हतं असं नाही. मला तिला घाबरवायचं नव्हतं. ते दिवस आठवा. शहरात पहिला रुग्ण एप्रिल २०२० मध्ये सापडला आणि त्यानंतर गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले जाऊ लागले. एक पॉझिटिव्ह निघाला की घरातली सगळी गाडीत घालून विलगीकरणात. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. बिडीचे कारखाने बंद, माग बंद. अशा वेळी ‘सर्दी’ हा शब्द म्हणजे लपायची जागा होती. माणसं आजार लपवत नव्हती, पत्रा आणि गाडी टाळत होती. परिणाम व्हायचा तोच झाला. पहिल्या काही महिन्यांत सोलापूर शहराचा मृत्युदर राज्यात सर्वांत जास्त असलेल्यांत गणला गेला, आणि रुग्ण फार उशिरा येतात हे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्या उशिराला मी निव्वळ अज्ञान म्हणणार नाही. भीती घालून आपणच तो उशीर घडवला. म्हणून “सर्दीच आहे” म्हणणाऱ्यांना आज रागावणारे लोक पाहिले की मला तेही पटत नाही.

धाक आणि बेफिकिरी या दोन टोकांमध्ये आपला जिल्हा किती झपाट्याने फिरला ते बघा. पंढरपूर-मंगळवेढ्याचे आमदार भारत भालके कोरोनातून बरे झाले होते. त्यानंतरच्या गुंतागुंतीने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली, दुसरी लाट ऐन भरात असताना. कोरोनानंतरच्या आजारपणाने रिकामी झालेली जागा भरायला आपण गर्दीच्या सभा घेतल्या. त्याच्या आदल्या आषाढीला पालख्या एसटीतून पंढरीला नेण्याइतका धीर आणि शहाणपण याच जिल्ह्याने दाखवलं होतं. आजार तोच होता. आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारत होतो तेवढं बदललं होतं.

“ते सगळं झालं ओ, आता विषाणूच सौम्य झालाय,” असं मला सांगतात. यातलं अर्धं घेऊ. आता बहुतेक धडधाकट माणसांना कोविड सर्दीसारखाच जातो, हे मी रोज बघतो आणि नाकारत नाही. ओमिक्रॉन नोव्हेंबर २०२१ मध्ये ओळखला गेला. त्याची कुळं फुप्फुसापेक्षा वरच्या श्वासमार्गात जास्त रमतात, हेही खरं. पण विषाणू आपोआप निवळत जातो हा समज घातक आहे. डेल्टा पहिल्या विषाणूनंतर आला होता आणि तो पहिल्यापेक्षा क्रूर निघाला. त्याचे सुरुवातीचे नमुने २०२० च्या अखेरीस आपल्याच महाराष्ट्रात सापडले होते. म्हणजे उतरणीची कुणी हमी दिलेली नाही. बदललो ते मुख्यतः आपण. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि देशाने पुढे २२० कोटींच्या वर डोस टोचले. त्यावर बहुतेकांना एकदा-दोनदा लागण होऊन गेली. आज जे सौम्य वाटतं तो आपल्या रक्तात साठलेल्या ओळखीचा गुण आहे, आणि त्या ओळखीची किंमत देशाने मोजली आहे. सरकारी नोंदीत पाच लाख तेहतीस हजारांच्या आसपास मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२०-२१ या दोनच वर्षांत सुमारे ४७ लाख जादा मृत्यू. भारत सरकारने तो अंदाज मान्य केला नाही. मी दोन्ही आकडे लिहितो, कारण दोन्हींपैकी कुठलाही घेतला तरी सर्दी हा शब्द तिथं बसत नाही.

आणि ही ओळख सगळ्यांच्या रक्तात सारखी नाही. ऐंशीच्या घरातली आजी, डायलिसिसवरचा माणूस, केमोथेरपी चालू असलेली बाई, दमेकरी, बेताल साखरेचे रुग्ण यांच्यासाठी तो अजूनही न्यूमोनिया होऊ शकतो. ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. आजार संपल्याचं नाही. खरं सांगायचं तर साधी सर्दीही या लोकांना साधी नसते. ओसी-४३ सारखे विषाणू वृद्धाश्रमांत न्यूमोनिया करतात, तान्ह्या बाळाला आरएसव्ही नावाचा सर्दीचाच एक विषाणू दवाखान्यात पोचवतो. म्हणून “कोविड सर्दीइतका हलका झाला” असं म्हणताना आपण सर्दीलाही भलतीच हलकी करून ठेवतो. तुलना करायचीच तर आजार कोणाला झालाय ते विचारून करावी.

या शहरात हा प्रश्न फक्त वयाचा आणि साखरेचाही राहात नाही. तो मजुरीचा आहे. बिडी वळणाऱ्या बाईला हजार बिड्यांवर पैसे मिळतात. ज्या दिवशी बोटं चालली नाहीत त्या दिवशी शून्य. मागावरच्या माणसाचं तेच. खाडा म्हणजे पगाराला कात्री. अशा घरात आजाराचं नाव डॉक्टर ठरवत नाही, तारखेवर येणारा बचत गटाचा हप्ता ठरवतो. कोविड म्हटलं तर घरी बसावं लागतं, सर्दी म्हटलं की पान-तंबाखू सुपात घेऊन बसता येतं. बँकेतला माणूस “सर्दीच आहे” म्हणतो तेव्हा त्याच्या हाताशी रजा असते. ती ताई म्हणते तेव्हा तिच्याकडे तो शब्द सोडून दुसरं काही नसतं. वरून वाक्य एकच ऐकू येतं. शहाण्यासुरत्या माणसांनी ते बेफिकिरीने उच्चारलं की तिला तेवढीच परवानगी मिळते. आणि दहा बाय दहाच्या खोलीत, तंबाखूच्या धुळीत, शेजारी सासूबाई खोकत असताना ती वळत बसते.

खोकल्याचंच घ्या. तंबाखूची भुकटी आणि मागावरचा कापसाचा भुसा यांमुळे पूर्व भागात खोकणं कुणाला नवीन नाही. “आमच्याकडे सगळेच खोकतात.” या सवयीत कोविड लपतो आणि त्याहून वाईट म्हणजे क्षय लपतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचा, सरकारी केंद्रात तो फुकट तपासतात, औषध फुकट मिळतं आणि नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही मिळतात. हे माहीत असलेली माणसं मला काउंटरवर क्वचित भेटतात. भेटतात ती अॅझिथ्रोमायसिनची पट्टी नावानिशी मागणारी. विषाणूवर ते औषध चालत नाही, ना सर्दीत ना कोविडमध्ये. कोविडच्या काळात घरोघर पोचलेलं हे नाव आता जाता जात नाही, आणि उद्या खरोखर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर ते चालेलच याची खात्री उरत नाही. आम्हा दुकानदारांचाही यात हात आहे. चिठ्ठीशिवाय पट्टी द्यायची नाही हा नियम आमच्यासाठीच आहे.

मला पत्रे परत नकोत. प्रत्येक शिंकेला तपासणी नको, शाळा बंद करायच्या नाहीत. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली पाहिजे, होम मैदानावरची धूळ खाऊन जानेवारीत सगळं शहर थोडंफार शिंकणारच. मला हवं आहे ते फार लहान आणि करता येण्याजोगं आहे. राज्यभर १ मे २०२३ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, दुपारी २ ते रात्री १० अशा वेळेचा. वेळ ठरवणाऱ्याने कष्टकऱ्याचा दिवस समजून घेतला होता. बिडी जमा करून, माग बंद करून माणूस तिथं पोचू शकतो. त्या प्रत्येक खोलीत चालू स्थितीतला ऑक्सिमीटर, कोविड आणि फ्लूची झटपट तपासणी, आणि बेडक्याची डबी ही तीन साधनं वर्षभर असावीत, लाट आल्यावर खरेदीची फाइल फिरवायला लागू नये. साठीच्या पुढच्या आणि मधुमेही माणसांची तपासणी विनाप्रश्न व्हावी. आणि निदान झालं तर घरी बसायचे पाच दिवस त्या घराला परवडतील अशी सोय हवी. कर्मचारी राज्य विमा ज्यांना लागू आहे त्यांना आजारपणात मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, मिळण्याची तरतूद आहेच. घरी बसून वळणाऱ्या बाईला, चार मागांच्या शेडमधल्या कामगाराला त्याच्या निम्म्यानेही काही मिळालं, तर ती माझ्याकडे येऊन सर्दी हा शब्द मागणार नाही. महापालिकेच्या निवडणुकीत रस्ते आणि पाण्याच्या टाकीबद्दल जसं विचारलं जातं, तसं हे उमेदवाराला विचारा.

तोवर मी माझ्या काउंटरवर सुतळीने बांधलेला ऑक्सिमीटर ठेवलाय. कुणीही बोट घालावं, पैसे नाहीत. सर्दीची गोळी मागितली की आधी तीन गोष्टी विचारतो: कितवा दिवस, घरात म्हातारं कोण, साखर आहे का. मागे रांग असली तरी विचारतो. काहींना राग येतो. ती ताई परवा सासूसाठी आली होती. मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं, “चौथा दिवस, अण्णा. साखर आहे. सोबत आणलंय त्यांना, बाहेर पायरीवर बसल्यात.” मी यंत्राची सुतळी सोडली आणि बाहेर गेलो.